३६ आठवड्यांची जन्मलेली मुलगी, वजनाची वाढ मंदावली. वरचं सुरू करावं का?

बोरिवलीकर_आई

नमस्कार. मुलीचा जन्म ३६ आठवड्यांचा, जन्मवजन २.४ किलो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं नाही. कावीळ झाली होती, ती फोटोथेरपीने (प्रकाशाच्या उपचाराने) उतरली. आता ती १८ आठवड्यांची आहे आणि वजन ५.५ किलो. फक्त अंगावरचं दूध घेते. औषध म्हणाल तर व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, बाकी काही नाही. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात वेळेवर झाल्या.

तिसऱ्या महिन्यात ती ७०० ग्रॅमने वाढली होती, गेल्या महिन्यात मात्र ४५० ग्रॅमच. पूर्वी वीस-पंचवीस मिनिटं प्यायची, आता सात-आठ मिनिटांत सोडते. खोलीत कुणी आलं की पिता पिता मान वळवते. दिवसभर मूठ तोंडात. स्तनही पूर्वीसारखे भरून येत नाहीत. दूध कमी पडतंय असं घरात सगळ्यांचं मत आहे. सासूबाई म्हणतात भाताची पेज आणि नाचणीचं सत्त्व सुरू करू, सोबत बाळगुटी. दुसरी काळजी म्हणजे तिच्याच वयाची इतर बाळं पालथी पडतात, ही अजून नाही. पालथं घातलं की थोडा वेळ मान उचलते आणि रडायला लागते.

आठ आठवड्यांनी माझं बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिस सुरू होईल. येण्याजाण्यासकट दहा-अकरा तास बाहेर. बाटली लावायची नाही असं ठरवलंय. दूध काढून ठेवण्याचं गणित कसं बसवायचं?

नवजात_परळ

ताई, आधी वय बरोबर मोजून घेऊ. बाळ ४० आठवड्यांऐवजी ३६ आठवड्यांना आलं, म्हणजे चार आठवडे लवकर. वाढ आणि विकास पाहताना तिचं वय १८ वजा ४, म्हणजे १४ आठवडे धरायचं: साधारण सव्वातीन महिने. याला दुरुस्त वय म्हणतात. दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजतात. लसी तेवढ्या जन्मतारखेवरून द्यायच्या, आणि त्या तुम्ही तशाच दिल्या आहेत.

आता वजन. २.४ वरून ५.५ म्हणजे १२६ दिवसांत ३.१ किलो, रोजचे सरासरी २५ ग्रॅम. उत्तम आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आठवड्याला १५० ते २०० ग्रॅमने वाढतं, पुढच्या तीन महिन्यांत हा वेग १०० ते १५० वर येतो. सगळ्या बाळांचा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ५.८ किलो आणि खालची मर्यादा ४.५ किलो आहे. सव्वातीन महिने धरले तर तुमची मुलगी मधल्या रेषेच्या जरा खाली, तक्त्यावरच्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात आरामात बसते. दवाखान्यातून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर स्वतः बिंदू मांडून बघा. एखाद्या महिन्याच्या आकड्यावरून घाबरू नका. रेघ पट्ट्याला समांतर चालली आहे का ते पाहायचं. आणि वजन प्रत्येक वेळी त्याच काट्यावर, लंगोट काढून, पाजण्याआधी करा. एकदा केमिस्टकडे आणि एकदा दवाखान्यात केलं तर दोन काट्यांच्या फरकातच शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात.

दूध पुरतंय की नाही याची खात्रीची खूण म्हणजे शू. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू आणि वजन चढतं असेल तर दूध पुरतंय. शी चार-पाच दिवस झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ होती, पोट फुगलेलं नाही आणि बाळ खेळतंय, तर या वयात अंगावर पिणाऱ्या बाळाचं ते नेहमीचं आहे.

पेजेबद्दल सासूबाईंना एक हिशोब दाखवा. आईच्या १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम तांदूळ शिजवून पेज केली तर जेमतेम १७-१८. पोट तेवढंच भरतं आणि बाळ अंगावर कमी ओढतं, म्हणजे वजन वाढवायला दिलेल्या पेजेनंच वजन अडतं. वरणाच्या पाण्याचंही तेच. मे महिन्याच्या उकाड्यातही सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी लागत नाही. दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं.

लवकर जन्मलेल्या बाळाला वरचं लवकर सुरू करावं का, याची भारतातच चाचणी झाली आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेली. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यात की सहाव्या महिन्यात सुरू करावं, अशी तुलना होती. वर्षाच्या शेवटी वजनात फरक पडला नाही. चौथ्या महिन्यात सुरू केलेल्या बाळांना मात्र रुग्णालयात जास्त वेळा दाखल करावं लागलं. तुमची मुलगी त्या बाळांपेक्षा मोठी होऊन जन्मली, तरी घाई करण्याचं कारण यातून निघत नाही.

तुमच्या मजकुरात मला खटकलं ते वेगळंच. लोहाचा उल्लेख नाही. बाळ आपला लोहाचा साठा पोटात असताना, मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत भरून घेतं. लवकर आलेल्या आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाचा साठा अपुरा राहतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून अशा बाळांना साधारण दुसऱ्या महिन्यापासून लोहाचे थेंब देतात, किलोमागे रोज २ मिलीग्रॅमच्या आसपास. वजन, मान, पालथं पडणं या सगळ्यांच्या आधी याच आठवड्यात तुमच्या बालरोगतज्ज्ञांना हे विचारा.

पान्हा_समुपदेशक

वरच्या प्रतिसादातल्या वजनाच्या हिशोबाला पूर्ण दुजोरा. तुम्ही सांगितलेली एकही खूण दूध आटल्याची नाही. दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान पान्हा बाळाच्या मागणीशी जुळतो, त्यामुळे स्तन मऊ लागतात, गळणं थांबतं. सात-आठ मिनिटांत पिणं होतं कारण आता तिचं ओढणं जोरदार झालं आहे. मूठ चोखते कारण हात तोंडापर्यंत आणायला ती शिकली. आणि मान वळवते कारण तिला आता खोलीच्या दुसऱ्या टोकाचं स्पष्ट दिसतं. त्यावर उपाय: दिवसातून दोन-तीन वेळा पडदा ओढून, टीव्ही-मोबाईल बंद करून, झोपेतून अर्धवट उठत असताना लगेच छातीशी घ्या. रात्रीचं पाजणं तोडू नका. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं आणि दिवसा लक्ष उडालेलं बाळ रात्री भरपाई करतं.

आता ऑफिस. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं, म्हणजे तासाला ३० मिलीच्या जवळपास. तुम्ही अकरा तास नसाल तर ३३० मिली लागेल: ९० ते १०० मिलीचे तीन-चार वेळचे. निघण्याआधी आणि परत आल्या आल्या अंगावर पाजलंत तर तीन वेळचं पुरतं.

साठा आजपासून करायची गरज नाही. रुजू होण्याआधी तीन आठवडे, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने दिवसातून एकदाच काढा. पहिले काही दिवस ३०-४० मिलीच निघेल, त्यावरून दूध कमी आहे असा अर्थ काढू नका. हाताने काढायचं तर हात साबणाने धुऊन अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडापासून साधारण ३ सेंटीमीटरवर ठेवा. आधी मागे छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल सोडा. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही. दूध मागच्या नळ्यांत असतं, पिळून फक्त दुखतं. पंप वापरलात तर तोंडाचा कप बोंडाच्या मापाचा हवा. लहान कपात बोंड घासतं, मग दुखतं आणि दूधही नीट उतरत नाही.

साठवणीत मुंबईची हवा मोजा. ताजं दूध चार तास बाहेर टिकतं हे २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे मार्च ते जून आणि ऑक्टोबरात खोली त्याच्या वरच असते, म्हणून काढलं की लगेच फ्रिजमध्ये. झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ६० ते ९० मिलीचे भाग, वर तारीख आणि वेळ. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडझाप होताना तिथलं तापमान सर्वांत जास्त बदलतं. आतल्या मागच्या बाजूला ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवस, वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पिशव्या घातलेली इन्सुलेटेड बॅग घ्या. तीत २४ तास चालतं, लोकल तासभर रखडली तरी चिंता नाही.

गोठलेलं दूध आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा आणि २४ तासांत संपवा. पाजताना डबा कोमट पाण्याच्या भांड्यात धरायचा. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हही नाही: त्यात मधेच कढत ठिकाणं राहतात आणि तोंड भाजतं. वर साय आल्यासारखा थर दिसतो, तो डबा हलक्या हाताने फिरवला की मिसळतो. कोमट केलेलं दोन तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. हे शेवटचं आजीला आवर्जून सांगा. दूध टाकवत नाही, म्हणून ते पुन्हा फ्रिजमध्ये जातं आणि जुलाब नेमके तिथून सुरू होतात.

बाटली नको हा निर्णय चांगला. बोंडलं (चोच असलेली पाजायची वाटी) किंवा छोटी वाटी घ्या. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल एवढीच तिरपी करा. बाळ जिभेने स्वतः ओढेल. घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. पाजणारी व्यक्ती तुम्ही नसावी आणि त्या वेळी तुम्ही घरात दिसूही नका, नाहीतर बाळ वाटीला तोंड लावणार नाही. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी हा सराव सुरू करा.

ऑफिसात दर तीन तासांनी, पंधरा-वीस मिनिटं काढा. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी विश्रांती मिळते. एचआरला रुजू होण्याआधीच ईमेल करून वेळा आणि दाराला कडी असलेली खोली नक्की करून घ्या. स्वच्छतागृहात दूध काढायचं नाही.

हालचाल_फिजिओ

पालथं पडण्याबद्दल. त्याचं नेहमीचं वय चार ते सहा महिने, आणि तुमची मुलगी सव्वातीन महिन्यांची धरायची आहे. आज तिच्याकडून अपेक्षा एवढ्या: तुमच्याकडे बघून हसते, हुंकार देते, चेहऱ्यामागे किंवा लाल खेळण्यामागे नजर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवते, मुठी बराच वेळ उघड्या असतात, दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणते. पालथं घातल्यावर मान ४५ अंशांच्या वर नेते. ती मूठ तोंडात नेते आणि कुणी आलं की मान वळवते, म्हणजे यातलं बरंच तुम्हीच लिहिलं आहे.

रडते त्याचं कारण बहुतेक वेळा जागा आणि वेळ. गादीवर पालथं घातलं तर कोपर रुततात आणि मान उचलायला टेकू मिळत नाही. जमिनीवर चटई, तीवर एकपदरी गोधडी. पाजल्यावर अर्धा ते पाऊण तास जाऊ द्या. टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून काखेखाली, छातीला आडवी द्या आणि दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे काढा. कोपर खांद्याच्या खाली आले पाहिजेत, मागे गेले तर नाक जमिनीला लागतं. तुम्ही समोर पोटावर झोपा, तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. एक-दोन मिनिटं, रडायच्या आत उचला. असं दिवसातून आठ-दहा वेळा, हळूहळू एकूण अर्ध्या तासापर्यंत. मालिशीनंतर, लंगोट बदलल्यावर, अशा ठरलेल्या वेळांना जोडलं की विसरत नाही. झोपवायचं मात्र पाठीवरच. पालथं फक्त जागेपणी आणि कुणीतरी समोर असताना.

झोळीत दिवसचे दिवस झोपवत असाल तर कमी करा. त्यात पाठ वाकलेली राहते, हनुवटी छातीला टेकते, आणि हातपाय मारायला मोकळीक नसते. वॉकर तर पुढेही आणू नका.

थांबू नये अशा गोष्टी: दुरुस्त वयाचे तीन महिने झाले तरी हसू नाही किंवा नजर मागे फिरत नाही, चार महिने झाले तरी मान लटकते, मुठी सतत आवळलेल्या, अंगठा आत, अंग ताठ किंवा अगदी सैल, एकच हात हलवते. शेवटचं घरात कौतुकाने सांगितलं जातं, बाळ डावखुरं आहे म्हणून. या वयात एका हाताची निवड होत नसते, दुसरा हात तपासायला हवा.

बोरिवलीकर_आई

खूप आभार. लोहाचं कुणी सांगितलंच नव्हतं, उद्याच विचारते. दोन शंका उरल्या. वरचं नक्की कधी, जन्मापासून सहा महिने की दुरुस्त वयाचे? आणि गुटी? सासूबाईंचं म्हणणं, सगळी मुलं त्यावरच वाढली.

नवजात_परळ

गुटी नको. सहाणेवर उगाळताना वेढ्यांवरून डोस ठरत नाही. मुळी जुनी की नवी, हात जड की हलका, यावर रोज वेगळा उतरतो. जायफळाने बाळाला गुंगी येते. बाळ शांत झोपलं म्हणून घरात बरं वाटतं, पण झोपलेलं बाळ पाजण्याच्या दोन वेळा चुकवतं. ओली सहाण आणि त्याच त्या मुळ्या यांमुळे जंतुसंसर्गही होतो. गुटीत किंवा चाटणात मध असेल तर वर्षाच्या आत तो पूर्ण वर्ज्य, त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. सासूबाईंना बाळासाठी काही करायचं आहे, त्यांच्याकडे मालीश आणि वाटीने दूध पाजणं सोपवा. दोन्ही कामं हात बसलेल्या माणसाचीच आहेत. फक्त नाकाकानात तेल घालू नये आणि धुरी देऊ नये.

घास_दादर

वरचं सुरू करण्याबद्दल: तिच्या बाबतीत जन्मापासूनचे सहा ते सात महिने या दरम्यान, आणि दिवस ती ठरवेल. मान पक्की हवी, टेकून बसवल्यावर कलंडता कामा नये, आणि चमचा ओठाला लावल्यावर जीभ तो बाहेर ढकलत नसावी. जीभ ढकलत असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा बघा. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची घरची रीत असेल तर पाचव्याऐवजी सातवा धरा, रीतही राहते आणि वयही बसतं. त्या दिवशी खिरीचं बोट नुसतं ओठाला लावा. साखर आणि मीठ वर्षापर्यंत नको.

पहिला घास मऊ खिचडीचा. दोन चमचे तांदूळ, एक चमचा मूगडाळ, धुऊन वाटीभर पाण्यात कुकरला पाच शिट्ट्या. गरम असतानाच वाटीच्या बुडाने घोटा, वर अर्धा छोटा चमचा साजूक तूप. चमचा तिरका केला तर घास ओघळायला नको, हळू सरकला पाहिजे. मिक्सरमधून पाण्यासारखं काढू नका. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठ महिन्यांपर्यंत अर्ध्या वाटीकडे न्या. अंगावरचं दूध तसंच चालू.

नाचणी चांगली, पण सत्त्व करताना भिजवून वाटून फडक्यातून गाळतो तेव्हा चोथ्याबरोबर लोह आणि प्रथिनं जातात, हाती मुख्यतः पिष्ट उरतं. त्यापेक्षा मोड आलेल्या नाचणीचं पीठ करा: रात्रभर भिजत, मग ओल्या फडक्यात दिवसभर, मोड आले की वाळवून मंद आचेवर भाजून दळायचं आणि बारीक चाळायचं. मोडांमुळे लोह शोषू न देणारा घटक कमी होतो. पावसाळ्यात मोड आलेलं धान्य पंख्याखाली दिवसभरात सुकलं नाही तर कुबट वास येतो. तसा वास आला तर ते टाका, भाजून चालवून घेऊ नका.

आठवड्याभरात लोहाकडे वळा. खात असाल तर उकडलेलं अंडं पूर्ण, कोंबडीची शिजवून घोटलेली कलेजी, काटे नीट काढलेलं पापलेट. शाकाहारी घरात डाळी आणि घोटलेल्या पालेभाज्या, वर लिंबाचे चार थेंब. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे ही घशात अडकणारी. शेंगदाण्याचा कूट मात्र अगदी बारीक करून खिचडीत घाला.

बोरिवलीकर_आई

डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले, ११ मिलीग्रॅम रोज. बाटलीवर दोन आकडे आहेत, क्षाराचा मोठा आणि लोहाचा लहान. मोजायचं कशावरून?

नवजात_परळ

लहान आकड्यावरून, म्हणजे शुद्ध लोहाच्या. मिलीमागे १० मिलीग्रॅम लोह असेल तर १.१ मिली. ड्रॉपर वेगळ्या कंपनीचा वापरू नका; बाटलीसोबतचाच, आणि खुणेपर्यंत भरून. दोन पाजण्यांच्या मधे द्या. शी काळपट हिरवी होईल, ते औषधामुळे. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात सहा महिन्यांनंतर लोह-फॉलिक आम्लाचं सरकारी सिरप मिळतं, त्यात मिलीमागे २० मिलीग्रॅम असतं आणि ते आठवड्यातून दोनदाच देतात. ते घेताना तिला रोजचे थेंब चालू असल्याचं सांगा, दोन्ही एकत्र द्यायची नाहीत. आणि बाटली मोठ्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. लोहाचा जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो.